मदत हवी आहे: हिमाचलमधल्या स्पितीत किब्बर गावात दीड-दोन महिने राहायचंय

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. चतुर्थी झाली की मी आणि बायको स्पितीत किब्बरला जाऊन तिथल्याच एखाद्या घरात राहायचं म्हणतोय, टूर पॅकेज नको, नुसतं राहायचं, वर्क फ्रॉम होम पण करायचंय त्यामुळे नेट कसं चालतं तेही सांगा. गाव साधारण ४२०० मीटरवर आहे आणि आमचा आजवरचा हिमालय म्हणजे गोव्याजवळचा चोर्ला घाट! म्हणून मनालीवरून एकदम वर न चढता शिमला-किन्नौरवरून हळूहळू जावं आणि आधी काझाला (स्पितीतलं मुख्य गाव) थांबावं असं वाटतंय, कोणी केलंय का असं? बायकोला बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरना विचारणारच, पण तिथे राहिलेल्यांचा अनुभव हवाय.

खरी अडचण पैशाची. होमस्टेचा रेट रोजचा असतो, पण एवढे दिवस राहायचं तर महिन्याचं कसं बोलायचं, घासाघीस केली तर बरं दिसत नाही आणि न करून परवडत नाही. शेतात किंवा घरकामात हात लावलेला त्यांना चालतो का, की पाहुण्यांनी गप बसावं? भेट म्हणून काजू न्यायचा विचार आहे. सुकी सुंगटां (सुकी कोळंबी) मात्र बायको म्हणते माझ्यासाठी हवीतच, बौद्ध घरात ती शिजवलेली चालतील का ते आधी कोणीतरी सांगा.

आणि ऑक्टोबरअखेर नळ गोठतात म्हणे, तोवर थांबावं की आधीच उतरावं?