पटकथेचं शीर्षकपान देवनागरीत : नाव, श्रेय, पत्ता नेमका कुठे?

रावपुरा :
नमस्कार मंडळी. आम्ही दोघांनी मिळून मराठी पटकथा लिहिली आहे. वर्डमध्ये, ९८ पानं. ती एका कथेवर आधारित आहे; त्या मूळ कथेच्या लेखकाचं निधन १९८४ साली झालं. पीडीएफ मुंबईच्या निर्मात्याकडे जाईल आणि दोन छापील प्रती इथेच बडोद्यात, दांडिया बाजारात स्पायरल करून घेऊ. सगळे नमुने ‘कुरिअर १२’ (बारा पॉइंटातला कुरिअर फॉन्ट) सांगतात, पण त्यात देवनागरी अक्षरं नाहीत. सोळा एंटर मारून पटकथेचं नाव खाली आणलं, तर दुसऱ्या संगणकावर ते सरकतं. आम्ही दोघं आणि मूळ लेखक अशा तिघांची नावं कशी लिहायची, तेही सांगा.

पानमांडणी :
आधी सगळे एंटर काढा. कुरिअर १२ मध्ये एका इंचात बरोबर सहा ओळी बसतात, म्हणून इंग्रजी नमुन्यांत ओळी मोजायची पद्धत आहे. देवनागरी ओळ मात्रा-वेलांट्यांमुळे उंच होते आणि फॉन्ट बदलला की ती उंचीही बदलते. पटकथेचं नाव सरकतं ते त्यामुळेच.

कागद ए-फोर ठेवा. समास डावीकडे ३.८ सेंमी, बाकी तिन्ही बाजूंना २.५. नावाच्या परिच्छेदाला ‘स्पेसिंग बिफोर’ २०० पॉइंट द्या. म्हणजे वरच्या कडेपासून साधारण साडेनऊ सेंटिमीटरवर, पानाच्या एक तृतीयांशाजवळ, नाव येईल. ओळींतलं अंतर ‘एक्झॅक्टली १२’ कधीही ठेवू नका, रफार आणि वेलांट्या छाटल्या जातात. ‘सिंगल’ ठेवा.

फॉन्ट युनिकोडच हवा. नोटो सान्स देवनागरी चालेल. कंट्रोल-डी दाबल्यावर खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा वेगळा कप्पा दिसेल. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे ठरतो. तो तसाच राहिला तर इंग्रजी ईमेल बारा पॉइंटात आणि नाव भलत्याच आकारात येतं. नावही बाराच पॉइंटात असू द्या, हवं तर ठळक. चित्र, चौकट, टॅगलाइन नको. वाचणाऱ्याला हे पान अर्ध्या मिनिटात मागे टाकायचं असतं.

संपर्क खाली डावीकडे : एकाच व्यक्तीचं नाव, फोन, ईमेल. तो शीर्षकपानाच्या फूटरमध्ये टाका, म्हणजे हलणार नाही. त्यासाठी शीर्षकपानानंतर ‘ब्रेक्स’मधून ‘नेक्स्ट पेज’ घ्या आणि दुसऱ्या भागाच्या हेडर-फूटरमध्ये ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करा. हे विसरलात तर फोन नंबर अठ्ठ्याण्णवच्या अठ्ठ्याण्णव पानांवर छापून येईल. पृष्ठक्रमांक दुसऱ्या भागात १ पासून सुरू करा. शीर्षकपान मोजायचं नाही आणि पटकथेच्या पहिल्या पानावरही आकडा दाखवायचा नाही.

श्रेयनामावली :
नावांबद्दल. अमेरिकेत लेखक संघटनेच्या नियमानुसार ‘&’ म्हणजे जोडीने लिहिणारे आणि ‘and’ म्हणजे वेगवेगळं काम केलेले. मराठीत ‘आणि’ एकच. म्हणून आपल्याकडची कथा, पटकथा, संवाद ही विभागणीच वापरा :

मूळ कथा : (लेखकाचं नाव)
पटकथा आणि संवाद : (तुम्हा दोघांची नावं, एका ओळीत)

मूळ कथेचं शीर्षक वेगळं असेल तर तेही त्या ओळीत हवं. दोघांतला क्रम आत्ताच ठरवा आणि पुढे नोंदणीत, करारात तोच ठेवा. दिग्दर्शक ठरला नसेल तर त्याचं नाव घालू नका.

मुख्य मुद्दा परवानगीचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षं चालतो. तुमच्या कथेचा ३१ डिसेंबर २०४४ पर्यंत. वारसांकडून लेखी परवानगी घेतल्याशिवाय ‘मूळ कथा’ ही ओळ असलेलं पान कुणाला पाठवू नका. नुसतं श्रेय दिल्याने हक्क मिळत नाही.

रावपुरा :
परवानगी हातात आहे, सर्व वारसांच्या सह्यांची. नोंदणी क्रमांक आणि तारीख पानावर घालू का?

श्रेयनामावली :
क्रमांक स्वतःच्या फाइलीत ठेवा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनची नोंदणी अमुक दिवशी मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा आहे, तो पानावर मिरवून बळकट होत नाही. हक्क लिहिल्याक्षणीच निर्माण होतो.

पानमांडणी :
तारखेबद्दल माझं मत ठाम आहे : पहिल्यांदा पाठवताना नको. सहा महिन्यांनी तीच प्रत दुसऱ्याकडे गेली की शिळी वाटते. चित्रीकरणाची प्रत निघाली की मात्र खर्डा क्रमांक आणि तारीख हवीच, नाहीतर सेटवर दोघांच्या हातात दोन वेगळे खर्डे असतात.

छपाईघर :
दुकानात वर्ड फाइल देऊ नका. तिथल्या संगणकावर गुजराती फॉन्ट भरपूर असतील, तुमचा असेलच असं नाही. मग बदली फॉन्ट येतो, ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होतात आणि पानंही सरकतात. पीडीएफ न्या. आधी ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रॉपर्टीज, मग फॉन्ट्स उघडून प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ (म्हणजे फॉन्ट पीडीएफमध्येच साठवलेला) आहे का ते बघा. छापताना ‘ॲक्च्युअल साइज’ सांगा, ‘फिट’ नको.

डावा समास मोठा असल्यामुळे नाव कागदाच्या मध्यापासून सुमारे ६ मिलिमीटर उजवीकडे दिसेल. ते दुरुस्त करू नका. स्पायरलची भोकं पडली की उरलेल्या पानात ते मधोमध येतं.

रावपुरा :
आभार. पीडीएफ तपासली, संपर्काच्या ओळीतला एक फॉन्ट एम्बेड झालेला नव्हता. तो बदलून मगच छापायला देतो.