श्रमदान म्हणजे सरकारचं काम फुकटात?

माणदेशी: काल इथे एकानं लिहिलं, "मी कर भरतो, गावी पाच हजार पाठवतो. चर खणणं माझं काम नाही, श्रमदान म्हणजे सरकारचं काम फुकटात." ते डोक्यातून जाईना. २०१८ च्या वॉटर कपला, म्हणजे पानी फाउंडेशनच्या गावोगावच्या जलसंधारण स्पर्धेला, मी रजा टाकून गावी होतो. पहाटे साडेपाचला डोंगरावर ए-फ्रेम (समपातळी शोधायची चौकट) लावून फक्कीनं रेघ मारायची, मग सीसीटी, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे सलग चर, खणायचे. बांधावरून नऊ वर्षं अबोला धरलेल्या चुलतभावानं तिथं माझ्या हातातलं घमेलं घेतलं. हे पाच हजारांत होतं का?

नोकरदार_पुणे: ते मीच लिहिलं. बाबा गेले तेव्हा भावकीनं तेराव्यालाच वाटणीचा कागद पुढं केला. त्या गावासाठी हाताला फोड आणू?

रानवारा: तुम्ही दोघंही जमीनवाले. माझ्या आईनं ४५ दिवस पाट्या वाहिल्या, आमच्या नावावर अर्धा गुंठा नाही. विहिरी भरल्या आणि वरच्या आळीनं ऊस लावला. पुढच्या एप्रिलात आई टँकरच्या रांगेत.

माणदेशी: सगळीकडे असं होत नाही. पाणी अडवून दुष्काळातून वर आलेलं हिवरे बाजार बघा.

रानवारा: बघाच. तिथं ऊस-केळीला बंदी, शेतीला बोअर नाही, दरवर्षी पावसावर पाण्याचा ताळेबंद मांडतात. नुसत्या चरांनी ते गाव उभं राहिलं नाही. तुमच्याकडं बोअरबंदीचा ठराव झाला?

डाळिंबवाला: बोअरवाल्याला लगेच चोर ठरवू नका. वडिलांनी सहाशे फूट मारली म्हणून बाग जगली, माझी फी निघाली.

रानवारा: आणि शेजारचा आड आटला, त्याचं काय? सहाशे फुटांवरचं पाणी काय सातबाऱ्यावर येतं?

डाळिंबवाला: कर्ज आमच्या सातबाऱ्यावर होतं! तेव्हा कुणी विचारायला आलं नाही.

माणदेशी: भांडू नका. ठराव आला होता. मी ग्रामसभेत गप्प बसलो, कारण आमचीही बोअर आहे. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

रानवारा: मग १ मेच्या ग्रामसभेत बोला. घमेलं उचलण्यापेक्षा ते जड जाईल.

माणदेशी: बोलेन. चुलतभाऊ पुन्हा अबोला धरेल, धरू दे.

नोकरदार_पुणे: भूमिहीनांचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ते मान्य. पुढचे पैसे पिण्याच्या पाण्यालाच लावा म्हणून सरपंचांना कळवतो. भावकीचं मात्र मी विसरणार नाही.