विषय: एप्रिलची फ्लाय फिशिंग सहल – मंडळातलं कोण कोण येणार?

नोव्हायहून

नमस्कार मंडळी,

आपल्या मिशिगनमधल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात बऱ्याच जणांनी मला अडवून विचारलं, की तुम्ही त्या फ्लाय फिशिंग क्लबात जाऊन नक्की करता काय? तिळगुळाच्या रांगेत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमचा फ्लाय फिशिंग क्लब लहान आहे. बरेचसे सभासद गाड्यांच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले, हाताने काम करण्यात आयुष्य गेलेले. मराठी घरातली सध्या मी एकटीच, आणि हे मला बदलायचं आहे.

हिवाळ्यात आम्ही वाचनालयाच्या एका खोलीत जमून फ्लाय बांधतो. फ्लाय म्हणजे पिसं, केस, लोकर आणि धागा वापरून गळावर बांधलेला खोटा किडा. नवख्याला आधी ‘वुली बगर’ शिकवतात. छोट्या शेगड्यात (व्हाइस म्हणतात त्याला) गळ घट्ट धरायचा, धाग्याचे वेढे मागेपर्यंत न्यायचे, मऊ पिसाची शेपटी बांधायची, मग जाड लोकरीचा दोरा गुंडाळत पुढे यायचं आणि त्यावर कोंबड्याचं पीस फिरवून गळाच्या डोळ्यापाशी (दोरी ओवायच्या भोकापाशी) गाठ मारायची. सगळा खेळ धाग्याच्या ताणाचा आहे. सैल राहिला तर बांधलेली पिसं गळाभोवती फिरतात, फार ओढला तर तुटतो. ज्यांना भरतकाम किंवा विणकाम येतं, त्यांचा हात यात फार पटकन बसतो हे मी पाहिलंय.

जगभर वापरली जाणारी ‘ॲडम्स’ ही करड्या रंगाची फ्लाय आपल्या मिशिगनचीच. १९२२ साली मेफिल्ड गावच्या लेन हॅलडे यांनी ती बांधली आणि बोर्डमन नदीवर ती पहिल्यांदा वापरली गेली. आमच्याकडे प्रत्येक नवा सभासद हिवाळा संपायच्या आत एक तरी ॲडम्स बांधतो.

मार्चअखेर बर्फ वितळला की बागेतल्या हिरवळीवर कास्टिंगचे, म्हणजे दोरी फेकण्याचे वर्ग असतात, तेही गळ न लावता, टोकाला नुसता लोकरीचा गोंडा बांधून. माझे वडील मालवणला गरवायला जायचे तेव्हा गरीला शिसं बांधून फेकायचे, वजन टोकाला असायचं. इथे फ्लायला वजनच नसतं. वजन असतं जाड दोरीला, आणि ती दोरी हवेत मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावं लागतं. हे थांबणं जमलं की निम्मं काम झालं. जोर लावणाऱ्यांना उशिरा जमतं, मुलांना चटकन जमतं.

एप्रिलची पहिली सहल प्राउड लेकला असते, ह्युरॉन नदीवर. वसंतात तिथे ट्राउट (थंड पाण्यातले मासे) सोडतात, आणि १ एप्रिलपासून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हंगाम सुरू होईपर्यंत तिथे फक्त फ्लाय वापरायची आणि मासा परत सोडायचा असा नियम आहे. नोव्हायहून अगदी जवळ आहे. नवख्यांसाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही: पाणी फार खोल नाही, काठ मोकळा आहे आणि मासे आहेत याची खात्री.

यंदा मंडळातल्या लोकांसाठी क्लब एक शनिवार राखून ठेवायला तयार आहे. कोण येणार ते कळवा.

सु. (नोव्हाय)

---

ट्रॉयहून

नमस्कार सु. ताई,

मेल वाचून लगेच लिहितोय. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला घेऊन यायचं म्हटलं तर काय काय लागेल? परवाना दोघांना लागतो का? रॉड विकत घ्यावा लागेल का? दुकानात पाहिले, पण तिथल्या आकड्यांचा काही उलगडा झाला नाही. आणि एप्रिलमध्ये पाणी बर्फासारखं गार असणार, पाय घसरला तर?

मं. (ट्रॉय)

---

कँटनहून

सर्वांना नमस्कार.

बाईंचा उत्साह पाहून आनंद झाला, पण मनातलं बोलून दाखवते. आम्ही माळकरी. आमच्या घरात मासा शिजत नाही आणि त्याबद्दल मला कुणालाच काही सांगायचं नाही. जो खातो तो भुकेपोटी धरतो, ते मला समजतं. पण धरायचा, त्याच्या तोंडात गळ रुतवायचा, आणि मग सोडून द्यायचा? खायचा नसेल तर त्या जिवाला त्रास कशापायी? मंडळाच्या नावाने मुलांना हे शिकवावं का, याचा विचार व्हावा असं वाटतं. राग मानू नये.

कुलकर्णी काकू

---

नोव्हायहून

काकू, राग कसला? हा प्रश्न क्लबातही दर वर्षी निघतो आणि निघायलाच हवा. त्रास होतो. गळ रुततो तेव्हा मासा जिवाच्या आकांताने पळतो, त्याला त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. मी इतकंच सांगू शकते की या नद्या आज जिवंत आहेत त्यामागे या गळवाल्या लोकांचा मोठा हात आहे.

ग्रेलिंग गाव तुम्ही मॅकिनॉला जाताना आय-७५ महामार्गावर पाहिलं असेल. त्याचं नाव ग्रेलिंग या माशावरून आलं. उंच, रंगीत पाठपराचा हा मासा एके काळी ऑसेबल नदीत अमाप होता. एकोणिसाव्या शतकात इथली पांढऱ्या पाइनची जंगलं तोडली गेली आणि ओंडके नदीतून वाहून नेले. त्या ओंडक्यांनी तळाची वाळू-खडी खरवडून काढली. अंडी घालायची जागा गेली, काठाची सावली गेली, पाणी तापलं. आगगाडी आल्यावर लोक पोतीच्या पोती मासे धरून नेऊ लागले, वर दुसऱ्या जातीचे मासे आणून सोडले गेले. १९३० च्या दशकात मिशिगनमधला ग्रेलिंग संपला. गावाला नाव देणारा मासा गावच्या नदीत उरला नाही.

त्याच नदीच्या काठी, जॉर्ज ग्रिफिथ यांच्या घरी १९५९ मध्ये काही मासेमार एकत्र आले आणि ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था सुरू झाली. आज ती देशभर नद्यांचं काम करते. नुसते मासे आणून ओतत राहण्यापेक्षा नदीच अशी ठेवू की मासे आपोआप वाढतील, हा त्यांचा आग्रह होता. ऑसेबलच्या ज्या पट्ट्याला ‘होली वॉटर्स’ म्हणतात, तिथे आज फक्त फ्लाय चालते आणि प्रत्येक मासा सोडावाच लागतो. २०१६ पासून ग्रेलिंगला मिशिगनच्या नद्यांत परत आणायचा प्रयत्न सुरू आहे. त्यात राज्याचं नैसर्गिक संपदा खातं आणि लिटल रिव्हर बँड या इथल्या मूळ रहिवाशांच्या गटाचे ओडावा लोक पुढे आहेत.

सोडण्याबद्दलही सांगते, कारण नीट सोडणं हीच यातली खरी विद्या आहे असं मला वाटतं. आमच्या गळाला उलटा काटा नसतो, तो पकडीने दाबून टाकायचा हा क्लबचा नियम आहे. हात आधी पाण्यात ओले करायचे, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो. मासा जाळीतच, पाण्याखाली ठेवायचा. गळ काढला की तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला करून त्याला सैल हाताने आधार द्यायचा. कल्ले उघडझाप करू लागतात, शेपटीत जोर येतो, आणि तो आपण होऊन निघून जातो. फोटोसाठी मासा छातीशी धरून उभं राहणं मला अजिबात आवडत नाही, आमच्या सहलींत मी ते करू देत नाही.

आणि उन्हाळ्यात पाणी ६८ अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की आम्ही ट्राउटचा नादच सोडतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी, तिथे दमलेला मासा सोडला तरी मरू शकतो. गेल्या जुलैत सगळे तीन तास गाडी चालवून पोचले, थर्मामीटर पाण्यात धरला आणि कुणीही रॉड न जोडता परत फिरलं. मला त्या दिवशी आपल्या क्लबाचा फार अभिमान वाटला.

तरीही काकू, तुमचं मन मानत नसेल तर रॉड धरू नका. पण या मात्र. नदीकाठी करण्यासारखं पुष्कळ आहे.

सु.

---

ॲन आर्बरहून

काकू, तुमच्यासाठी एक सुचवू का?

मी इथे विद्यार्थी आहे, पूर्ण शाकाहारी, आणि सु. मावशींच्या क्लबाबरोबर जानेवारीत नदीत उतरून आलो. मासे धरायला नाही, किडे मोजायला. ह्युरॉन नदीच्या खोऱ्यासाठी काम करणारी एक जुनी संस्था आहे, ह्युरॉन रिव्हर वॉटरशेड कौन्सिल. ते दर जानेवारीत स्वयंसेवकांना घेऊन स्टोनफ्लाय नावाचे खरे किडे शोधतात.

स्टोनफ्लायची अळी पाण्यातल्या दगडांखाली, कुजलेल्या पानांत राहते. तिला स्वच्छ, थंड, भरपूर प्राणवायू असलेलं पाणीच लागतं. घाण वाढली की आधी ती जाते. म्हणजे ती सापडली तर समजायचं की पाणी चांगलं आहे. काही जाती ऐन थंडीत बाहेर पडतात, म्हणून शोध जानेवारीत.

एक जण जाळी घेऊन पाण्यात उतरतो, बाकीचे काठावर पांढऱ्या ट्रेमध्ये पानं-चिखल ओतून चिमट्याने किडे निवडतात. मी ट्रेवर होतो. सुरुवातीला सगळा नुसता काळा गाळच दिसतो. मग एखादं पान हलतं. नीट पाहिलं तर सहा पाय आणि दोन लांब शेपट्या. दोन शेपट्या दिसल्या की स्टोनफ्लाय, मेफ्लाय या दुसऱ्या पाणकिड्याला बहुधा तीन असतात. एकदा नजर बसली की तास कसा जातो कळत नाही.

यात कुणाच्या तोंडात गळ जात नाही. वसंतात आणि शरदातही अशी मोजणी असते.

— ॲन आर्बरचा विद्यार्थी

---

फार्मिंग्टन हिल्सहून

सर्वांस सप्रेम नमस्कार.

मी महाड तालुक्यातला. ही चर्चा वाचताना वाळण कोंडाची आठवण येत राहिली. काळ नदीच्या त्या डोहाशी वरदायिनी देवीचं स्थान आहे. डोहात मोठाले महसीर आहेत आणि त्यांना कुणी हात लावत नाही, कारण ते देवीचे मासे. लोक काठावरून कुरमुरे टाकतात आणि हाताएवढे मासे वर येतात. लहानपणी आम्हाला तिथे दगडसुद्धा टाकू देत नसत.

इंद्रायणीत देहू-आळंदीलाही हे मासे होते. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवली. मला वाटतं, मासे टिकले ते कुणीतरी राखले म्हणूनच. तिकडे देवीने राखले, इकडे या गळवाल्यांनी. मला दोघांचाही आदर आहे.

गुडघे साथ देत नाहीत, नदीत उतरणं जमणार नाही. पण फ्लाय बांधायला मी नक्की येईन. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, बारीक कामाची अजून हौस आहे.

आपला,
महाडचा काका

---

कँटनहून

बाई, उत्तर मनापासून लिहिलंत. गळाचं मला अजूनही पटलेलं नाही आणि पटेल असं वाटत नाही. पण किडे मोजायला मी येते. नातीला आणू का? तिला चिमटा धरता येईल.

कुलकर्णी काकू

---

नोव्हायहून

काकू, नातीला जरूर आणा. मुलांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात, ट्रेवर त्यांचीच नेहमी सरशी होते. काका, तुम्ही मंगळवारी संध्याकाळी याच, शेगडा माझा वापरा.

आता ट्रॉयच्या भावाला उत्तर. सतरा वर्षांखालच्या मुलांना मिशिगनमध्ये परवाना लागत नाही, तुम्हाला लागेल. परवान्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, तेव्हा मार्चमध्ये जुन्या वर्षाचा घेऊन बसू नका. उद्यानात शिरायला गाडीला रिक्रिएशन पासपोर्ट (राज्याच्या उद्यानांचा पास) हवा.

रॉड मुळीच विकत घेऊ नका. क्लबाकडे द्यायला रॉड आहेत, नऊ फुटी, पाच वजनाचे. दुकानातला आकडा म्हणजे दोरीचं वजन: तीन म्हणजे नाजूक, आठ म्हणजे मोठ्या माशांसाठी. पाच नंबर सगळीकडे चालतो. मुलाला टोपी आणि चष्मा सक्तीचा, कारण वाऱ्यात फ्लाय कुठेही येऊ शकते.

पाण्याचं तुमचं विचारणं अगदी योग्य. मुलांना पहिल्या सहलीत आम्ही काठावरूनच फेकायला लावतो, पाण्यात नेत नाही. मोठ्यांनी वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घातले तर कमरेचा पट्टा आवळलाच पाहिजे, पडलं तर आत पटकन पाणी भरत नाही. पाऊल उचलून टाकायचं नाही, तळाला घासत सरकवायचं, आणि काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकायची.

एक काम सर्वांनी करायचं आहे, किडे मोजणाऱ्यांनीसुद्धा. निघताना बूट ब्रशने घासून धुवायचे आणि पूर्ण वाळवायचे. न्यूझीलंडची इवलीशी चिखल-गोगलगाय २०१५ मध्ये पिअर मार्केट नदीत सापडली, पुढे ऑसेबलमध्येही पोचली. २०२१ मध्ये मॅनिस्टी नदीत डिडिमो शेवाळ दिसलं, ते तळावर जाड थर धरतं आणि किड्यांची जागा खातं. या दोन्ही गोष्टी आपल्या बुटांना चिकटून एका नदीतून दुसरीत जातात.

ज्यांना गोडी लागेल त्यांना जूनअखेर ऑसेबलवर रात्री नेईन. ‘हेक्स’ नावाची मोठी मेफ्लाय तेव्हा निघते. दहा वाजता अंधार पडू लागतो, कुणी दिवा लावत नाही, आणि मग समोरच्या काळोखात ट्राउट किडा गिळतो त्याचा ‘चुप्प’ असा आवाज येतो. त्या आवाजाच्या अंदाजाने फ्लाय फेकायची. मला वर्षातली तीच सहल सगळ्यात प्रिय आहे, पण ती नवख्यांची नाही. आधी प्राउड लेक.

एप्रिलचा तिसरा शनिवार धरला आहे. सकाळी नऊला उद्यानाच्या वाहनतळावर भेटू. चहा आणि थालीपीठ माझ्याकडे. गाडीत जागा असलेल्यांनी आणि हवी असलेल्यांनी याच मेलला उत्तर द्या, आणि मुलांची वयं लिहा म्हणजे त्या मापाचे रॉड बाजूला ठेवता येतील.

सु.