वर्धापन दिनाची पुरी-भाजी आणि रक्तवाहिन्यांची तपासणी

(फोंडा, सोसायटीचा ग्रुप. शुक्रवार संध्याकाळपासून)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. रविवारी आपला वर्धापन दिन. सकाळी ८ ला नाश्ता (पुरी, पातळभाजी, बन्स, शिरा). १० ला हॉलमध्ये आरोग्य शिबिर. बीपी आणि शुगर फुकट. 'रक्तवाहिन्यांची तपासणी' माणशी १२०० रु., आपल्यासाठी ८००. किमान २५ नावे झाली तरच मशीन आणणार म्हणतात. नावे उद्या दुपारपर्यंत द्या.

बी-३०२ काका: माझे आणि हिचे नाव घाला.

बी-३०२ काका: [फॉरवर्ड केलेला मेसेज] ⚠️ एका तेलकट जेवणाने ४ तासांत रक्तवाहिन्या निम्म्या बंद!! अमेरिकन डॉक्टरांचा शोध. सर्व ग्रुपवर पाठवा 🙏

ए-२०१: काका, आणि वर नाश्त्याला पुऱ्या? 😄

डी-१०३: ८ ला बंद करायच्या, १० ला तपासायच्या. धंदो बरो आसा.

सेक्रेटरी: केटररला आगाऊ पैसे दिले आहेत. मेनू बदलणार नाही.

ए-२०१: सी-२०३ वहिनी एको (हृदयाची सोनोग्राफी) काढतात ना? वहिनी, तुम्हीच सांगा.

सी-२०३: ड्यूटीवर आहे. घरी जाऊन लिहिते.

बी-१०२: विषयांतराबद्दल क्षमस्व, पण गेटसमोर परत ती लाल स्कूटर लावली आहे.

सी-२०३: हं, आता निवांत. काका, तो मेसेज अगदीच हवेतला नाही. १९९७ साली अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. रॉबर्ट व्होगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० निरोगी माणसांवर हा प्रयोग केला. एकदा फास्टफूडचा नाश्ता दिला, ९०० कॅलरी आणि त्यात ५० ग्रॅम चरबी. दुसऱ्या वेळी तेवढ्याच कॅलरी, पण चरबी नाही. दोन्ही वेळा दंडातली धमनी सोनोग्राफीवर मोजली. एकदम जास्त रक्त आले की धमनी किती रुंदावते, तेवढेच बघायचे होते. चरबीच्या नाश्त्याआधी ती २१ टक्के रुंदावत होती. २ तासांनी ११ टक्के, ४ तासांनी १०. बिनचरबीच्या नाश्त्याने काही फरक पडला नाही.

तुमचे 'निम्मे' इथून आले. ४ मिलिमीटरची धमनी धरा. आधी ती ४.८४ पर्यंत जायची, खाल्ल्यावर ४.४४ पर्यंतच गेली. ४ ची २ झाली नाही. बंद तर काहीच झाले नाही.

बी-३०२ काका: मग बाय, थोडी कमी रुंदावली तर बिघडले काय?

सी-२०३: त्या एका सकाळी काही नाही. पण ती का रुंदावते ते बघा. धमनीला आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते. रक्ताचा जोर वाढला की ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि बाहेरचा स्नायू सैल पडतो. १९८० मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर हे दाखवले. अस्तर शाबूत असेल तर तुकडा औषधाने सैल व्हायचा, अस्तर घासून काढले की व्हायचा नाही. अस्तरातून निघणारा तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हे पुढे कळले आणि १९९८ ला तिघांना नोबेल मिळाले. तुमच्या खिशात जिभेखाली धरायची गोळी असते ना, तीही शेवटी तेच नायट्रिक ऑक्साइड पुरवते.

भरपूर चरबी खाल्ली की काही तास रक्तातली ट्रायग्लिसराइड्स (चरबीचाच एक प्रकार) चढलेली असतात. तेवढ्या वेळेत अस्तरावर ताण येतो आणि तयार झालेले नायट्रिक ऑक्साइड कामाला लागण्याआधीच खर्ची पडते. नंतर उतरते सगळे. पण आपण उतरू कुठे देतो? सकाळी पुरी, ११ ला मिरची-भजी, दुपारी तळलेले मासे, ५ ला परत चहाबरोबर काहीतरी. माझी काळजी ती आहे, रविवारच्या पुरीची नाही.

ए-२०१: मिरची-भजीचे नाव काढू नका, आत्ताच खाऊन आले 🙈

डी-१०३: मग ते शिबिराचे मशीन हेच मोजणार का?

सेक्रेटरी: ते म्हणाले दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधतात. १० मिनिटांत रंगीत रिपोर्ट.

सी-२०३: मग ते वेगळे. त्यात घोट्याचा दाब आणि दंडाचा दाब यांचे प्रमाण काढतात, शिवाय नाडीची लाट किती वेगाने धावते त्यावरून धमन्यांचा ताठरपणा. वाईट तपासणी नाही ती. सिगारेट ओढणारे, मधुमेहवाले, चालताना पोटऱ्या भरून येणारे, यांना डॉक्टर सांगतात तेव्हा जरूर करावी. पण फॉरवर्डमधली गोष्ट त्यात दिसत नाही. आणि धमनीचे ते रुंदावणे १० मिनिटांत मोजून होतही नाही.

शिकत असताना मी अशा एका अभ्यासात प्रोब धरून बसायचे, म्हणून सांगते. माणूस उपाशी हवा. चहा-कॉफी नको, सिगारेट नको, आदल्या दिवशी जोरकस व्यायाम नको. खोली शांत, ना गार ना गरम. आधी त्याला नुसते पडू द्यायचे. मग हात उशीवर पसरून कोपराच्या वर जेल लावून धमनी उभी पकडायची, दोन्ही भिंतींच्या रेघा पडद्यावर स्वच्छ दिसेपर्यंत. हाताला पट्टा बांधून बीपीच्या वरच्या आकड्यापेक्षा ५० तरी जास्त फुगवायचा आणि ५ मिनिटे तसाच. बोटे पांढरी पडतात, मुंग्या येतात, माणूस 'सोडा आता' म्हणतो. पट्टा सोडला की रक्त धो धो धावते आणि मिनिटभरात धमनी सर्वांत रुंद होते. ती पकडायची. शेवटी तीच जिभेखालची गोळी किंवा स्प्रे देऊन परत मोजायचे. त्याने रुंदावली पण आधी नव्हती रुंदावली, तर दोष अस्तराचा, स्नायूचा नाही.

आता गंमत बघा. ४ मिलिमीटरची धमनी ४.२८ झाली तर ७ टक्के. माझा हात जरा हलून मोजमाप ०.१ ने चुकले, तर ७ चे साडेचार किंवा साडेनऊ. माणूस तोच, सकाळ तीच! शिवाय पट्टा दंडावर बांधला तर आकडे मोठे येतात, कोपराखाली बांधला तर लहान. म्हणून एका प्रयोगातले २१ दुसरीकडच्या ७ शी लावून बघायचे नसते. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत व्होगेलइतकी घसरण दिसलीही नाही. दहा-वीस जणांच्या सरासरीसाठी ही पद्धत छान आहे. एका काकांच्या एका रविवारसाठी नाही.

ई-४०१: वहिनी, पण तेलात फरक असेलच की. आम्ही सोलापूरकडचे, घरात करडई. इथे बघावे तिथे नारळ. मी पहिल्या वर्षापासून सांगतोय.

बी-१०२: आमच्या आज्या नारळावरच नव्वदी गाठून गेल्या हो.

सी-२०३: नेमका हाच सामना सिडनीत झाला आहे 😀 २००६ चा प्रयोग, १४ निरोगी तरुण माणसे. गाजराचा केक आणि मिल्कशेक, एकदा खोबरेल घालून, एकदा करडईचे तेल घालून. वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम चरबी. ३ तासांनी खोबरेलाच्या दिवशी धमनीचे रुंदावणे नक्की घटलेले होते, करडईच्या दिवशी तेवढे नाही.

ई-४०१: 🏆🏆

सी-२०३: थांबा, ट्रॉफी ठेवा खाली. ६० किलोच्या माणसाला ६० ग्रॅम चरबी एका बैठकीत. हुमणात (माशाच्या आमटीत) वाटलेला नारळ घालतो तो अख्ख्या घराला मिळून. आणि एका जेवणानंतरच्या ३ तासांवरून कोणाची आजी किती जगेल ते ठरत नाही. मी स्वतः तळायला खोबरेल घेत नाही, पण सोलकढी सोडणार नाही.

ए-२०१: ऑलिव्ह ऑइल आणू का मग? महाग आहे पण...

सी-२०३: व्होगेलनीच २००० साली पाव आणि ऑलिव्ह ऑइल देऊन बघितले. त्यानेही घसरण झाली. सोबत व्हिनेगर आणि सॅलड दिले तेव्हा कमी झाली. तुमचे पैसे काकडी-टोमॅटोवर घाला.

डी-१०३: आणि आमचा फर्मागुडीचा चढ? त्याचा काही उपयोग का नुसतीच दमछाक?

सी-२०३: तुमच्या बाजूचा प्रयोग आहे. नॉर्वेत, २००९. ८ पुरुष. चरबीच्या जेवणाआधी १६-१८ तास, म्हणजे आदल्या संध्याकाळी, ट्रेडमिलवर व्यायाम. थोडा वेळ जोरात, थोडा सावकाश, असा आलटून पालटून केलेल्यांची धमनी जेवणानंतरही जवळजवळ आधीसारखीच रुंदावली. एकसारख्या मध्यम गतीने चालल्याचा फायदा झाला, पण कमी. ८ च माणसे, तेव्हा फार नाचू नका. पण उद्या संध्याकाळी चढ चढायला हरकत नाही. काका सोडून. काका, तुम्ही सपाटीवर.

बी-३०२ काका: मग आमची नावे ठेवू की काढू?

सी-२०३: काकींना मधुमेह आहे ना? पट्ट्यांच्या तपासणीचे आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर इथे ८०० देण्यापेक्षा तिथेच करा, रिपोर्ट वाचणाराही तिथेच असेल. बाकीच्यांनी मशीनवाल्याला एकच विचारा: आकडा वाईट आला तर पुढे काय करायचे? उत्तर 'तेलकट कमी खा' असेल तर ते मी आत्ता फुकट सांगितले.

पण सेक्रेटरीसाहेब, वेळ मात्र बदला. शुगर १० ला म्हणजे सगळे पुरी-शिरा खाऊन येणार. ती उपाशीपोटीची शुगर होत नाही. बीपीसुद्धा चहा मारून, जिना चढून लगेच घेऊ नये.

सेक्रेटरी: केटरर ८ ला गरम पुऱ्या घेऊन उभा राहणार. त्याला ९ सांगितले तर ९.३० करतो.

ए-२०१: मग तपासणी ६.४५ ला घ्या, रांग ८ ला संपेल. भुकेने कोणी रेंगाळणार नाही.

सेक्रेटरी: ठीक. शिबिरवाल्यांना विचारतो.

(शनिवार दुपार)

सेक्रेटरी: मशीनसाठी एकूण ६ नावे आली, त्यातली २ काकांनी काढून घेतली. मशीन येणार नाही. बीपी-शुगरची नर्स ६.४५ ला यायला तयार आहे. उपाशीपोटी या. रोजच्या गोळ्यांचे आपापल्या डॉक्टरांना विचारा.

बी-३०२ काका: देव बरें करूं. बन्स किती मिळणार माणशी?

सेक्रेटरी: २. हॉलची चावी कोणाकडे आहे? मागच्या रविवारपासून परत आलेली नाही.

बी-१०२: लाल स्कूटरवाल्याला विचारा.