मदत हवी आहे : शीतलीत घसा कोरडा पडतो, गारवा जाणवत नाही

कोरडाघसा
शीतली प्राणायाम सुरू करून दोन आठवडे झाले. जिभेची नळी नीट होते. श्वास तोंडाने आत, तोंडानेच बाहेर, अशी सलग २० आवर्तनं. पाच-सहा आवर्तनांतच घसा कोरडा पडून ठसका लागतो, गारवा जेमतेम जिभेच्या टोकाला, आणि शेवटी डोकं हलकं होतं. काय चुकतंय? यानं ताप उतरतो का?

संथश्वास
आधी रेचक, म्हणजे श्वास सोडणं, सुधारा. श्वास दोन्ही नाकपुड्यांनी सोडायचा. हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथातही शीतलीचा रेचक 'शनकैर्घ्राणरन्ध्राभ्यां' (हळूहळू दोन्ही नाकपुड्यांनी) असाच सांगितलाय. जिभेवरच्या लाळेचं बाष्पीभवन होतं म्हणून आत येणारी हवा गार लागते. तोंड मिटून नाकाने सोडलं की तेवढ्या वेळात जीभ पुन्हा भिजते. तुम्ही तोंडानेच सोडताय, म्हणजे तिला भिजायला उसंतच नाही. सुरू करण्याआधी घोटभर पाणी प्या. हवा फार दमट असेल तर मात्र सगळं बरोबर करूनही गारवा कमीच लागेल.

आता ठसका. जोरात ओढलेल्या हवेचा झोत थेट घशाच्या मागच्या भिंतीवर बसतो. नळी ओठांबाहेर साधारण १ सेंटीमीटर पुरे. हौसेनं जास्त काढली की जिभेचं मूळ ताणतं, कडा सुटतात आणि हवा बाजूने शिरते. ओठांनी ती अलगद धरा, स्ट्रॉ धरतो तशी. चार अंक मोजत ओढा. आवाज बारीक आणि सलग 'सूऽऽ' असा यायला हवा. खरखर आली किंवा खांदे वर गेले, तर ओढ जास्त आहे. छाती गच्च भरायच्या आधीच थांबा, जीभ आत घ्या, तोंड मिटा, सहा ते आठ अंकांत नाकाने सोडा. लाळ गिळा, मग पुढचं आवर्तन.

अर्धमात्रा
डोकं हलकं होतं ते भराभर मोठे श्वास घेतल्यामुळे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. ओठांना, बोटांना मुंग्याही येतात. तसं झालं की तिथेच थांबून नेहमीसारखा श्वास घ्या. सुरुवातीला ६ ते ८ आवर्तनं भरपूर झाली. पूरकानंतर, म्हणजे श्वास आत घेतल्यावर, थोडा कुंभक केलात, श्वास रोखलात, तर वेगाला आपोआप लगाम बसेल.

संथश्वास
कुंभकाला माझा इतक्यात विरोध. ठसका थांबला नसताना श्वास रोखायला गेलं की खोकल्याची उबळ हमखास येते. आधी चार अंकांत आत, आठ अंकांत बाहेर हे प्रमाण विनासायास जमू द्या.

तापाचं : नाही. गारवा जिभेला आणि टाळूला, फार तर मन शांत होतं. तापात शीतलीच्या भरवशावर राहू नका. सर्दी, खोकला, दमा असेल, रक्तदाब कमी राहत असेल तर शीतली टाळा. हवा धुळीची किंवा फार थंड असेल तरीही नको. नाक हवा गाळतं, कोमट करतं, इथे तो टप्पाच गळतो.

कोरडाघसा
नाकाने सोडून पाहिलं, ठसका गेला. एकच शंका : ज्यांची जीभ वळतच नाही त्यांना सीत्कारी सांगतात, पण दात मिटून हवा ओढली की दातांना कळ लागते. मग?

अर्धमात्रा
नळी न होणं हा सरावाचा दोष नाही, काहींची जीभ मुळात वळत नाही. दात ठणकत असतील तर काकी मुद्रा करा. ओठांचा कावळ्याच्या चोचीसारखा चंबू, आत दात विलग, जीभ खाली सैल. हवा दातांना न लागता जिभेवरून जाते. बाकी मोजणी तीच, रेचक नाकानेच. चंबू शीळ घालताना करतो त्याहून किंचित मोठा ठेवा. फार आवळला की ओढायला जोर लागतो आणि पुन्हा ठसका.