परदेशी जाण्याआधी कोणत्या लसी घेतल्यात? अनुभव सांगा

दिवाळीत आईबाबांसह केनियाला जायचं ठरतंय. यलो फीव्हरची लस लागते एवढं कळलंय. बाकीच्यांचं काय? देश कुठलाही असो, लस घेतली असेल किंवा विचार करून टाळली असेल, तर कसं ठरवलंत ते लिहा.

पुण्याहून: आम्ही केनियातलं मसाई मारा अभयारण्य करून आलो. भारतातून थेट जाणाऱ्याला केनियाची सक्ती नाही. सक्ती आहे ती परतताना, आपल्याच विमानतळावर. डेंग्यू पसरवणारा एडीस डासच हा तापही पसरवतो. डास आपल्याकडे भरपूर, ताप मात्र अजून शिरलेला नाही, म्हणून भारत इतका कडक आहे आणि ते योग्यच आहे. लस घेतल्याचं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा आधी लसीची तारीख घ्या, मग तिकिटं काढा. २०१६ पासून एकच डोस जन्मभर चालतो. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए आम्ही आमच्या डॉक्टरांकडेच घेतल्या.

ठाण्याहून: आईबाबांचं वय काय? साठीनंतर यलो फीव्हरची लस पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाचा धोका वाढतो. माझ्या सासूबाईंना संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती. लसीत जिवंत विषाणू असतो, त्यामुळे डॉक्टरांनी साफ नकार दिला. त्यांना घरी ठेवून जायला मन होईना. आम्ही केनिया सोडून श्रीलंकेला गेलो.

रत्नागिरीहून: अब्बा-अम्मी हजला गेले तेव्हा मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय (त्याच्या जिवाणूच्या चार प्रकारांवरची) लस ही सौदीचीच अट होती, पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी. पोलिओचे थेंबही दिले. फ्लूची लस मात्र मी आग्रहानं द्यायला लावली. अब्बांना दमा आहे, आणि मक्केजवळ मीना इथल्या तंबूंतल्या गर्दीत खोकला झपाट्यानं पसरतो.

न्यू जर्सीहून: आमचा प्रवास उलटा, सांगलीला आजोळी. धाकटी आठ महिन्यांची होती, तिला गोवरासाठी एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला यांची एकत्र लस) लवकर दिली. हा डोस मोजला जात नाही, मूल वर्षाचं झाल्यानंतरचे दोन द्यावेच लागतात. थोरल्याला टायफॉइडची दिली. रेबीजची आगाऊ लस टाळली, कारण सांगलीत चावल्यानंतरचे उपचार लगेच मिळतात.

नागपूरहून, डॉक्टर म्हणून: यलो फीव्हर आणि एमएमआर एकाच दिवशी घ्या, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्या. आईबाबांच्या रोजच्या गोळ्यांची यादी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का, हे केंद्रावर जाण्याआधीच तुमच्या डॉक्टरांना दाखवा.