चाळीत म्हणे सगळे सारखेच होते!

मधली खोली: २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळाले. त्यावर काल या चर्चामंचावर एका सदस्याने ‘चाळीत गरीब-श्रीमंत, जातपात काही नव्हते, टॉवरने आपलेपणा संपवला’ असे लिहिले, ते वाचून राहवले नाही. १९७४ च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेवरून याच चाळींत दंगल उसळली, तेव्हा हा आपलेपणा कोणत्या गॅलरीत वाळत घातला होता? माझ्या लहानपणी मजल्यावरचा एकमेव टीव्ही एका सरकारी नोकरदाराच्या खोलीत होता. काही मुले आत सतरंजीवर बसत, आम्ही उंबऱ्याबाहेरून पाहत असू. कोणी हाकलले नाही हे खरे, पण ‘आत या’ असेही कोणी म्हटले नाही.

गिरणगावकर: एका उंबऱ्यावरून सबंध चाळ मोजू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि वडिलांची गिरणी बंद पडली ती कायमचीच. शेजारच्या काकूंचे यजमान बँकेत होते. ‘आमच्या मुलाला पाढे येत नाहीत, जरा करून घे’ असे सांगून त्या मला रोज संध्याकाळी बोलावत आणि जेवल्याशिवाय सोडत नसत. त्याचे पाढे तीसपर्यंत पाठ होते, हे मला पहिल्याच दिवशी कळले. आईला मात्र मी ते कधी सांगितले नाही.

पाच रुपये: संपाचे निघालेच आहे, तर गणपतीच्या वर्गणीच्या फळ्याचेही बोलू. आमच्या चाळीत त्यावर रकमेच्या उतरत्या क्रमाने नावे असत. त्या वर्षी आमचे नाव सर्वांत खाली होते, मांडवाचे वासे उचलायला मात्र वडील सर्वांत पुढे होते.

गिरणगावकर: फळा हिशेबासाठी असतो. मी आमच्या मंडळाचा खजिनदार होतो; न देणाऱ्यांची नावे आम्ही कधीच लिहिली नाहीत.

पाच रुपये: म्हणजे कोणाचे नाव नाही, हे सगळ्या चाळीला आपोआप वाचता येत होते. धन्य तुमचा हिशेब, खजिनदारसाहेब!

गिरणगावकर: उपहास पुरे झाला. संपाच्या काळात याच वर्गणीतून आम्ही दोन मयतांचा खर्च भागवला आणि तो फळ्यावर लिहिला नाही. तुम्हाला फक्त फळा दिसला.

मधली खोली: तेवढी न लिहिलेली रक्कम मान्य. बाकीचा फळा मान्य नाही.

तिसरा मजला: सतरंजी झाली, फळा झाला, पण गॅलरीच्या टोकाच्या सामायिक संडासाची आठवण एकालाही झाली नाही, यावरून इथे बायका किती आहेत ते कळते. माझ्या आईने सत्तराव्या वर्षी प्रथमच स्वतःच्या घरातल्या संडासाला कडी लावली. दुपारी मात्र ती घराचे दार उघडे टाकते आणि लिफ्टमधून कोणी येते का, ते पाहत बसते.

गिरणगावकर: मीही तेच तर म्हणत होतो.

तिसरा मजला: नाही. परत चाळीत चल म्हटले, तर ती मला घराबाहेर काढील.